‘म्हणाला’ की ‘सांगितलं’? इंग्रजी क्रियापदांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. शब्दकोशात दोन-तीन इंग्रजी क्रियापदांसमोर एकच मराठी अर्थ छापलेला असतो आणि वाक्य करायला बसलं की कोणतं घ्यावं ते कळत नाही. बऱ्याच ठिकाणी हा फरक आपल्या मराठीतच दडलेला असतो, फक्त तो तिथे शोधायची सवय आपल्याला नसते. काही ठिकाणी मात्र मराठीवर विसंबून चालत नाही. दोन्ही प्रकार खालच्या उत्तरांत येतील.

प्रश्न : ‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ या चारही शब्दांचा अर्थ मुलांच्या शब्दकोशात ‘बोलणे, सांगणे’ असाच आहे. सातवी-आठवीच्या मुलांना फरक कसा समजावून द्यावा?
– शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : मराठीने हे वाटे आधीच पाडून ठेवले आहेत. म्हणणे म्हणजे ‘से’, सांगणे म्हणजे ‘टेल’ आणि बोलणे म्हणजे ‘स्पीक’ किंवा ‘टॉक’. मुलांकडून आधी मराठी वाक्य नीट वदवून घ्या आणि त्यात यांपैकी कोणतं क्रियापद आलं ते विचारा. निम्म्याहून अधिक वाक्यं तिथेच सुटतात.

उरलेली अडतात ती ऐकणाऱ्या माणसापाशी. ‘टेल’ला ऐकणारा लगेच पाठोपाठ लागतो : ‘ही टोल्ड मी’, ‘ही टोल्ड हिज मदर’. मराठीत ‘त्याने सांगितलं की तो आजारी आहे’ हे वाक्य पूर्ण आहे, कोणाला सांगितलं हे गाळलं तरी काही बिघडत नाही. मुलं त्याचं ‘ही टोल्ड दॅट ही वॉज इल’ करतात आणि आपल्याकडची सगळ्यात जास्त आढळणारी चूक होते ती हीच. ऐकणारा गाळायचा असेल तर ‘ही सेड दॅट ही वॉज इल’ म्हणायचं.

‘से’चं याच्या उलट आहे. त्याला माणूस थेट चिकटत नाही, मध्ये ‘टू’ लागतो. ‘तो मला म्हणाला’ या वाक्यात ‘मला’ सहज बसतं, म्हणून ‘ही सेड मी’ तोंडात येतं. तिथे ‘ही सेड टू मी’ हवं. इंग्रजी बोलणारे लोक अशा वेळी बहुधा सरळ ‘ही टोल्ड मी’ म्हणतात. ‘सेड टू’ ते बोललेले नेमके शब्द उद्धृत करताना किंवा ‘व्हॉट डिड ही से टू यू?’ अशा प्रश्नात वापरतात.

हुकूम किंवा सूचना असेल तर ‘टेल’च. ‘त्याने मला थांबायला सांगितलं’ हे ‘ही टोल्ड मी टू वेट’. पाटी, पत्र किंवा घड्याळ ‘सांगतं’ तेव्हा मात्र ‘से’ लागतं. पाटीवर ‘प्रवेश बंद’ लिहिलं असेल तर ‘द नोटिस सेज नो एंट्री’.

ऐकणाऱ्याशिवाय ‘टेल’ चालतं अशा ठरलेल्या जोड्या थोड्याच आहेत : ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल अ जोक’, ‘टेल द टाइम’, ‘टेल द डिफरन्स’. या सहा पाठच करून घ्या. ‘से’च्या बाजूला ‘से सॉरी’, ‘से येस’, ‘से गुडबाय’, ‘से अ प्रेअर’ या जोड्या ठेवा.

‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांतला फरक पुसट आहे आणि पुष्कळ वाक्यांत दोन्ही चालतात. भाषेसाठी नेहमी ‘स्पीक’ : ‘शी स्पीक्स मराठी’. फोनवर ‘कॅन आय स्पीक टू द मॅनेजर?’ हे ‘टॉक’पेक्षा अदबीचं वाटतं. सभेत एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, तिथे ‘स्पीक’. पारावरच्या गप्पा दोन्ही बाजूंनी होतात, तिथे ‘टॉक’.

आता मराठीमुळेच पाय घसरतो त्या जागा. ‘म्हणणे’ आपण गाण्यालाही लावतो, पण गाणं म्हणणे ‘सिंग’ आणि पाढे किंवा स्तोत्र म्हणणे ‘रिसाइट’. ‘बोलणे’ आपण रागावण्यासाठी वापरतो. ‘आई मला खूप बोलली’ याचं ‘माय मदर स्पोक मी अ लॉट’ होत नाही. ‘माय मदर स्कोल्डेड मी’ किंवा रोजच्या बोलीत ‘माय मदर टोल्ड मी ऑफ’ असं म्हणायचं.

वर्गात एका तासाला दहा वाक्यं पुरतात. त्यातली सहा ‘सेड’ आणि ‘टोल्ड’ची ठेवा, कारण चुका तिथेच होतात. रिकाम्या जागेनंतर कधी ‘मी’ लिहा, कधी ‘टू मी’, कधी ‘दॅट’. अर्थावर न जाता पुढचा शब्द बघून क्रियापद निवडायची सवय मुलांना लागेल आणि या जोडीपुरती तीच सवय खरी उपयोगाची आहे.

प्रश्न : ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’, तसंच ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांत माझा गोंधळ होतो. शिवाय ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक आहे असं सांगतात, पण का ते सांगत नाहीत.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. दोन्हींसाठी मराठीतली एक कसोटी वापरता येते : वाक्य ‘मी’ने सुरू होतं की ‘मला’ने?

‘मला डोंगर दिसतो’ यात डोळे उघडे आहेत एवढंच, आपण काही करत नाही. ते ‘सी’. ‘मी डोंगराकडे बघतो’ यात नजर मुद्दाम वळवली, ते ‘लुक’. ‘मला आवाज ऐकू येतो’ हे ‘हिअर’, ‘मी गाणी ऐकतो’ हे ‘लिसन’. ‘लुक’नंतर ‘ॲट’ आणि ‘लिसन’नंतर ‘टू’ विसरू नका. मराठीत ‘गाणी ऐकतो’ असं थेट म्हणता येतं, म्हणून ‘आय लिसन म्युझिक’ अशी चूक होते.

‘वॉच’ म्हणजेही मुद्दाम बघणं, पण हलत्या, बदलत्या गोष्टीकडे काही वेळ लक्ष ठेवून. फोटोकडे ‘लुक ॲट’, क्रिकेटची मॅच ‘वॉच’, दुधाला उकळी येतेय का यावर नजर ठेवायची तर ‘वॉच द मिल्क’. सिनेमाला ‘सी’ आणि ‘वॉच’ दोन्ही चालतात. थिएटरला जाऊन पाहिला असेल तर ‘सी’ जास्त ऐकू येतं.

आता दुसरा भाग. मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होत असेल तर त्या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाला बहुधा ‘आयएनजी’ लागत नाही. मला समजतं, मला आवडतं, मला हवं आहे, मला माहीत आहे, मला आठवतं : ‘आय अंडरस्टँड’, ‘आय लाइक’, ‘आय वाँट’, ‘आय नो’, ‘आय रिमेंबर’. या स्थिती आहेत, आपण हाताने चालवलेल्या क्रिया नाहीत. मराठी त्या ‘मला’ने दाखवते आणि इंग्रजी ‘आयएनजी’ न लावून दाखवते.

ही कसोटी सगळ्यात उपयोगी पडते ती एकाच इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ असतात तिथे. ‘मला वाटतं हे बरोबर आहे’ म्हणजे ‘आय थिंक’, पण ‘मी विचार करतोय’ म्हणजे ‘आय ॲम थिंकिंग’. ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणजे ‘आय हॅव टू ब्रदर्स’, पण ‘मी जेवतोय’ म्हणजे ‘आय ॲम हॅविंग लंच’. ‘मला गॅसचा वास येतोय’ म्हणजे ‘आय कॅन स्मेल गॅस’, पण ‘मी फुलाचा वास घेतोय’ म्हणजे ‘आय ॲम स्मेलिंग द फ्लॉवर’. हो, ‘दिसतंय’, ‘ऐकू येतंय’, ‘वास येतोय’ यांना इंग्रजीत ‘कॅन’ जोडायची रीत आहे : ‘आय कॅन सी’, ‘आय कॅन हिअर’.

कसोटी फसते तेही सांगायला हवं. ‘मला मजा येतेय’ हे ‘आय ॲम एन्जॉइंग इट’ आणि ‘मला कंटाळा येतोय’ हे ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’. इथे ‘मला’ असूनही ‘आयएनजी’ आहे. उलट ‘मी त्याला ओळखतो’ यात ‘मी’ आहे, तरी ‘आय ॲम नोइंग हिम’ कधीच होत नाही. अशी वाक्यं भेटतील तशी वहीत वेगळी टिपून ठेवा.

प्रश्न : ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांतलं देणं कोणतं आणि घेणं कोणतं, हे लक्षातच राहत नाही.
– दुकानदार, अकोला

उत्तर : ‘लेंड’ उसनं देणं, ‘बॉरो’ उसनं घेणं. वस्तू माझ्याकडून निघाली तर ‘लेंड’, माझ्याकडे आली तर ‘बॉरो’. ‘कॅन यू बॉरो मी अ पेन?’ ही नेहमीची चूक. ‘कॅन यू लेंड मी अ पेन?’ किंवा ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ म्हणा. ‘यू’ने सुरुवात केली की ‘लेंड’, ‘आय’ने केली की ‘बॉरो’. पेन मागताना एवढं पुरतं.

प्रश्न : ‘लाय’ आणि ‘ले’, ‘राइझ’ आणि ‘रेझ’ यांची रूपं पाठ केली तरी परीक्षेत उलटसुलट होतात.
– स्पर्धा परीक्षेची उमेदवार, लातूर

उत्तर : पडणे–पाडणे, मरणे–मारणे, बसणे–बसवणे या जोड्या आठवा. पहिल्यात गोष्ट आपली आपण होते, दुसऱ्यात कोणीतरी ती करवतं. इंग्रजीतही अशा थोड्या जोड्या जुन्या काळापासून टिकून आहेत. ‘राइझ’ वर येणे, ‘रेझ’ वर उचलणे. ‘लाय’ पडून असणे, ‘ले’ ठेवणे. ‘सिट’ बसणे, ‘सेट’ बसवणे. गंमत म्हणजे ‘फॉल’ पडणे आणि ‘फेल’ (झाड) पाडणे ही तर आपल्या पडणे–पाडणेचीच जोडी.

म्हणून प्रश्न सोडवताना आधी पाहा : ‘काय?’ विचारल्यावर वाक्यात उत्तर मिळतं का? ‘शी रेझ्ड हर हँड’. काय वर केलं? हात. म्हणून ‘रेझ’. ‘द सन रोझ’. काय? उत्तर नाही. म्हणून ‘राइझ’.

परीक्षेतला खरा सापळा रूपांमध्ये आहे. ‘लाय’ची रूपं ‘लाय, ले, लेन’ आणि ‘ले’ची ‘ले, लेड, लेड’. म्हणजे पडून असण्याचा भूतकाळ आणि ठेवण्याचा वर्तमानकाळ हुबेहूब सारखा दिसतो. ‘यस्टर्डे’सारखा शब्द असलेल्या वाक्यात ‘ले’ दिसलं तर ते पडून असण्याचं. खोटं बोलण्याचं ‘लाय’ निराळं, त्याची रूपं ‘लाय, लाइड, लाइड’. ‘राइझ’ची ‘राइझ, रोझ, रिझन’ आणि ‘रेझ’ची साधी ‘रेझ, रेझ्ड, रेझ्ड’.

प्रश्न : ‘ही डिनाइड टू कम’ असं ई-मेलमध्ये लिहिलं तर परदेशातल्या सहकाऱ्याने अर्थ विचारला. ‘प्लीज रिव्हर्ट’वरही तो गोंधळला. यात काय चुकलं?
– खासगी कंपनीतील कर्मचारी, पुणे

उत्तर : ‘नाकारणे’ या एका शब्दात इंग्रजीची चार क्रियापदं मावतात. पुढे करायच्या गोष्टीला नकार म्हणजे ‘रिफ्यूज’ : ‘ही रिफ्यूज्ड टू कम’. ‘डिनाय’ म्हणजे झालेल्या गोष्टीचा इन्कार, ‘मी ते केलंच नाही’ असं म्हणणं. त्यानंतर ‘टू कम’ बसत नाही. ‘ही डिनाइड टेकिंग द फाइल’ म्हणजे फाइल आपण नेलीच नाही असं तो म्हणाला. ‘डिनाय’चा दुसरा उपयोग हक्काची किंवा मागितलेली गोष्ट न देण्याचा : ‘ही वॉज डिनाइड लीव्ह’, त्याला रजा नाकारली. विचार करून अर्ज किंवा प्रस्ताव फेटाळला तर ‘रिजेक्ट’. आमंत्रणाला सौजन्याने नाही म्हटलं तर ‘डिक्लाइन’. वरिष्ठांनी चहाला बोलावलं आणि तुम्ही ‘आय रिजेक्ट’ लिहिलंत, तर ते उद्धट वाटेल.

‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. भारतातल्या कार्यालयांत त्याला ‘उत्तर देणे’ हा अर्थ पक्का चिकटला आहे. इथल्या इथे लिहिताना तो चूक म्हणता येणार नाही. परदेशी मात्र ‘प्लीज रिप्लाय’ किंवा ‘प्लीज गेट बॅक टू मी’ लिहा. ‘इंटिमेट’चंही तसंच. आपल्याकडे ‘कळवणे’, बाहेर बऱ्याचदा ‘आडून सुचवणे’. त्याऐवजी ‘इन्फॉर्म’ किंवा ‘लेट मी नो’ बिनधोक.

प्रश्न : ‘काढणे’साठी इंग्रजीत एकच शब्द का नाही? मुलगा ‘रिमूव्ह फोटो’ म्हणतो.
– पालक, ठाणे

उत्तर : मराठीतलं ‘काढणे’ फार कामाचं आहे, म्हणून एका शब्दाने त्याची भरपाई होत नाही. मुलाला युक्ती शिकवा : इंग्रजी शोधण्याआधी ‘काढणे’च्या जागी दुसरं मराठी क्रियापद घालून बघ. फोटो काढणे म्हणजे टिपणे, ‘टेक’. चित्र किंवा रांगोळी काढणे म्हणजे रेखाटणे, ‘ड्रॉ’, रंगाने काढलं असेल तर ‘पेंट’. चप्पल काढणे म्हणजे उतरवणे, ‘टेक ऑफ’. बँकेतून पैसे काढणे ‘विथड्रॉ’, कर्ज किंवा विमा काढणे ‘टेक आउट’. कंपनी काढणे ‘स्टार्ट’. चुका काढणे ‘फाइंड फॉल्ट’. झोप काढणे ‘टेक अ नॅप’. हलाखीचे दिवस काढणे ‘गेट थ्रू’. मोर्चा काढण्याला आपली इंग्रजी वृत्तपत्रं ‘टेक आउट अ रॅली’ लिहितात, पण इंग्लंड-अमेरिकेत ‘होल्ड अ रॅली’ म्हणतात. ‘रिमूव्ह’ राहतं ते डाग, टाके आणि झाकण यांसारख्या गोष्टींना.

‘करणे’लाही हीच युक्ती लागू पडते. चहा केला की नवी गोष्ट हाती येते, ‘मेक टी’. भांडी केली तर होती तीच भांडी स्वच्छ होतात, ‘डू द डिशेस’. अंथरूण नीट करण्याला मात्र ‘मेक द बेड’ म्हणतात, तेवढं तसंच लक्षात ठेवा.

प्रश्न : मी मुलीकडे न्यू जर्सीत असते. शेजारणीकडून निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं तर ती विचारात पडली. मग ‘येते’ला काय म्हणायचं?
– ज्येष्ठ वाचक

उत्तर : निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही हा आपला संकेत, इंग्रजीत तो नाही. तिथे ‘आय शुड गो नाऊ’ किंवा ‘आय विल बी ऑफ देन’ म्हणा. त्यात अशुभ काही वाटत नाही. ‘सी यू’ जोडलंत तर ‘पुन्हा येईन’ हा आपला भाव आपसूक येतो. ‘आय ॲम कमिंग’ ठेवा ते शेजारीण फोनवर बोलावत असेल तेव्हा, कारण ऐकणाऱ्याकडे जाणं इंग्रजीतही ‘कम’च असतं. तिच्याकडे डबा न्यायचा तर ‘आय विल ब्रिंग’. तिच्याकडून निघून तोच डबा मुलीच्या घरी न्यायचा तर ‘आय विल टेक’. नातवाला शाळेत सोडणे ‘ड्रॉप’ आणि आणायला जाणे ‘पिक अप’. ‘लीव्ह’ म्हटलंत तर त्याला तिथेच ठेवून आलात असं वाटू शकतं.

प्रश्न : कोणता शब्दकोश वापरावा आणि त्यात क्रियापद कसं बघावं?
– ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : इंग्रजी–मराठी कोश अर्थाची पहिली ओळख करून देतो, निवड करायला तो अपुरा पडतो. त्यासाठी परभाषकांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी ‘लर्नर्स’ कोश हवा. अशा कोशांपैकी ऑक्सफर्डचा आज सर्वत्र वापरला जाणारा कोश मुळात ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. हॉर्नबींनी क्रियापदांचे २५ साचे ठरवले होते आणि कोणतं क्रियापद कोणत्या साच्यात बसतं ते नोंदवलं होतं. आपल्याला हवं असतं ते नेमकं हेच.

नोंद उघडली की अर्थाआधी लघुरूपं बघा. ‘टी’ म्हणजे पुढे कर्म हवं, ‘आय’ म्हणजे नको. ‘एसबी’ म्हणजे ‘समबडी’, माणूस. ‘एसटीएच’ म्हणजे ‘समथिंग’, वस्तू. ‘एक्सप्लेन’पुढे आधी वस्तू आणि मग ‘टू समबडी’ दिसेल, म्हणून ‘एक्सप्लेन मी’ चूक. ‘सजेस्ट’पुढे ‘दॅट’ किंवा ‘आयएनजी’ दिसेल, म्हणून ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चूक आणि ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ बरोबर. त्यानंतर निदान तीन उदाहरणं वाचा आणि मगच वाक्य लिहा.

मराठी क्रियापदाचे अर्थ पसरून बघायचे असतील तर मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश चांगला आहे. तो १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य बघता येतो. त्यातलं इंग्रजी मात्र त्या काळचं आहे, आजच्या पत्रात ते जसंच्या तसं उचलू नका.

प्रश्न : मुलाखतीत ‘आय गेव्ह माय फायनल एक्झाम अँड पास्ड आउट इन २०२२’ असं म्हटलं तर चालेल का?
– पदवीधर, जळगाव

उत्तर : भारतीय मुलाखतकाराला कळेल. बाहेरच्याला दोन ठिकाणी अडखळायला होईल. परीक्षा आपण ‘देतो’, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो किंवा तिला ‘सिट’ करतो, ‘गिव्ह’ करतो तो परीक्षा घेणारा शिक्षक. ‘पास आउट’चा रोजचा अर्थ शुद्ध हरपणे. शिक्षण पूर्ण करण्याच्या अर्थाने ब्रिटिश इंग्रजीत तो लष्करी प्रशिक्षणापुरता उरला आहे, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या ‘पासिंग आउट परेड’मध्ये आहे तो तोच. तुम्ही म्हणा : ‘आय टुक माय फायनल एक्झाम्स अँड ग्रॅज्युएटेड इन २०२२’.